दर्यापूरहून शक्कर तलावाकडे

आमच्या वऱ्हाडात दर्या आहे तो फक्त नावात. अकोल्याहून उत्तरेला निघालं आणि पूर्णा ओलांडली की पुढे दर्यापूर लागतं. इमादशाहीतल्या दर्या इमादशाहाच्या नावावरून गावाला हे नाव पडलं, असं सांगतात. पण या भागात खारपाणपट्टा आहे. विहीर खणली तर पाणी लागतं, ते पिता मात्र येत नाही. गोडं पाणी येतं ते सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शहानूर धरणाचं, नळाने. अशा मुलखातल्या माणसांनी बोटींची शर्यत लावायची म्हणजे जरा गंमतच. पण गेल्या ऑक्टोबरात आम्ही ती लावली.

आम्ही म्हणजे १९९४ ची दहावी. शाळा साधी, मराठी माध्यमाची. कोणी आज शिक्षक आहे, कोणाचं कापडाचं दुकान आहे, कोणी शेती करतो, एक डॉक्टर झाला. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे शनिवार-रविवार धरून आम्ही सहकुटुंब कुठेतरी भेटतो. या वेळी चिखलदरा ठरलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कोणीतरी लिहिलं, "तलावात बोटी आहेत. माजी विद्यार्थ्यांचे संघ करू अन् शर्यत लावू." धडाधड होकार आले. मी मात्र दोन दिवस उत्तर दिलं नाही.

कारण आमच्या वर्गाचं आणि पाण्याचं एक जुनं दुखणं आहे. नववीच्या उन्हाळी सुट्टीत आमचा एक मित्र शेतातल्या विहिरीत पोहायला उतरला, तो परत वर आला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिसऱ्या बाकावरची त्याची जागा कोणी घेईना. सरांनीही कोणाला तिथे बस म्हटलं नाही. त्या वर्षी आमच्या प्रत्येकाच्या घरात एकच फर्मान निघालं: पाण्याजवळ जायचं नाही. अम्मीने माझ्याकडून तशी कसमच घेतली. मी ती पाळली, आणि पुढे माझ्या दोन्ही मुलांना तीच ताकीद दिली. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी हेच केलं असणार.

शनिवारी फजरनंतर निघालो. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी करत परतवाडा गाठलं. मुलांना अचलपूरजवळचा हौज कटोरा दाखवायचा म्हणून थोडी वाट वाकडी केली. गोल हौदाच्या मधोमध दगडी अष्टकोनी इमारत उभी आहे, मजल्यावर मजले, कमानींतून वारा वाहतो. कधीकाळी भोवती पाणी भरलेलं असायचं आणि माणसं या कमानींत गारव्याला बसायची. आज एलिचपूर हे जुनं नाव सांगितलं तर मुलं विचारतात, ते कुठे आलं? वऱ्हाडची ही एके काळची राजधानी. ज्या लोकांनी इथे राज्य केलं त्यांना पाण्याची भीती नव्हती. त्यांनी पाणी बांधून घातलं आणि त्याच्या मध्यभागी जाऊन बसले. माझी मुलगी त्या कमानींकडे बघत म्हणाली, "अम्मी, तिथपर्यंत जायचे कसे?" मी म्हटलं, "होडीने जात असतील." आणि मग रस्ताभर गप्प राहिले.

धामणगाव गढीपासून घाट लागतो. कपाशीची शेतं खाली राहतात, सागाचं रान सुरू होतं, कान दडे बसतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून अधिक उंच. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच. पावसाळा नुकताच सरलेला, दऱ्या हिरव्यागार, आणि शक्कर तलाव काठोकाठ.

काठावर सगळे जमले होते. मिठ्या झाल्या, सलाम-नमस्कार झाले, पोरांची उंची मोजून झाली. तेवढ्यात गाडीतून एक बाई उतरल्या. ओळखायला क्षणभर लागलं. त्या मित्राची धाकटी बहीण. आमच्या दोन वर्गांनी मागे होती. दुकानवाल्या मित्राने तिला मुद्दाम बोलावलं होतं. ती म्हणाली, "भाईजानचा वर्ग आहे, म्हणून आले." पुढे कोणालाच काही सुचेना.

शेवटी डॉक्टरच पुढे झाला. त्याने आधी सगळ्यांना लाईफ जॅकेट घालायला लावलं, पट्टे स्वतः ओढून पाहिले. "पट्टा ढिला असंल तर जाकीट वर निघून जाते अन् माणूस खाली राहतो," तो वऱ्हाडीतच ओरडत होता. पायाने चालवायच्या तीन बोटी, प्रत्येकीत चौघं. पलीकडच्या काठाला वळसा घालून परत यायचं. आमच्या बोटीत मी, माझी मुलगी, एक जुनी मैत्रीण. चौथी जागा रिकामी होती. ती बहीण बराच वेळ काठावर उभी राहिली. मग तिने बुरखा सावरला, त्यावर जॅकेट चढवलं, बिस्मिल्लाह म्हटलं आणि आत पाय टाकला. बोट डुगडुगली तसा तिने माझा हात असा धरला की नखं रुतली.

शर्यतीचं सांगण्यासारखं फारसं नाही. अर्ध्यावर वारा सुटला. ही बोट हलकी आणि पसरट, वाऱ्याने तिचं तोंडच फिरवलं. आम्ही पाय मारतोय पुढे आणि बोट चाललीय आडवी. काठावरून सूचनांचा पाऊस पडत होता. मुलगी मात्र हसत होती. थोड्या वेळाने पाहते तर ती बहीणही हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही शेवटच्या आलो.

रात्री जेवणं झाल्यावर शेकोटीभोवती तोच विषय निघाला. आमच्यातला एक जण भोपाळला इज्तिमाला जाऊन आला होता. त्याने तिथल्या बड्या तलावावर पोरांना शिडाच्या होड्या चालवताना पाहिलं होतं. वारा समोरून असला तरी शिडाची होडी पुढे जाते, हे तो काडीने मातीत रेघा ओढून दाखवत होता. सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. आधी तिरकं डावीकडे, मग तिरकं उजवीकडे, अशा नागमोडी वाटेने होडी वाऱ्याच्याच जोरावर वाऱ्याविरुद्ध चढते. लहान मुलांची होडी ऑप्टिमिस्ट नावाची, जेमतेम २.३ मीटर लांब, एक शीड, एकच खलाशी.

भोपाळला समुद्र आहे कुठे? तरी तिथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमधून शिकलेल्या नेहा ठाकूरने २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्य पदक आणलं. त्याच स्पर्धेत इबाद अली याने कांस्य मिळवलं. नेहा देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. आपल्यासारख्याच काळ्या मातीतली. मग वर्धा नदीवर सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचं एवढं मोठं पाणी आहे, अकोल्याजवळ महानला काटेपूर्णा आहे. या धरणांचं पाणी आपण पितो, पण त्याच्याशी आपली ओळख नळापुरतीच.

मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. शिडाच्या स्पर्धेत एकच शर्यत नसते, अनेक असतात. पहिल्या आलेल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. आणि पुरेशा शर्यती झाल्या की प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वजा करतात. हे ऐकून ती बहीण हळूच म्हणाली, "घरात तसे होत नाही. आमच्या घरात तोच एक दिवस मोजला गेला. त्या दिवसानंतर अब्बांनी विहीर बुजवली. मला, माझ्या मुलांना, कोणालाच पोहता येत नाही." थोडं थांबून म्हणाली, "पण भाईजानला पोहणे कोणी शिकवले असते, तर?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि तरीही होतं. आम्ही सगळे इतकी वर्षं मुलांना पाण्यापासून लांब ठेवत आलो आणि त्यालाच काळजी म्हणत आलो. पण मूल कधीतरी सहलीला जातं, मित्रांबरोबर नदीवर जातं, पूर घरात शिरतो. तिथे आईची कसम कामी येत नाही, हातपाय मारता येणं कामी येतं. मुलांना पोहणं शिकवा, ही हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितली जाणारी नसीहत आपण जलशांत ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येऊन पोरांना पाण्यावरून रागावतो.

रविवारी सकाळी गाविलगड पाहिला. बहमनी सुलतान अहमदशाह वलीने १४२५ च्या सुमारास बांधलेला किल्ला. उंचावरची मशीद, खाली तलाव. एवढ्या उंच डोंगरावरही आधी पाण्याची सोय पाहिली गेली. मुलं तलावाकडे धावली. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण या वेळी म्हटलं, "थांबा, मी पण येते."

अकोल्याला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तरणतलावावर जाऊन चौकशी केली. प्रशिक्षक कोण, पाणी किती खोल, मुलींची आणि बायकांची वेळ वेगळी मिळेल का, अंगभर पोशाख चालेल का, सगळं विचारलं. वाचक बहिणींनो, तुम्हीही आपापल्या गावात विचारा. एकीने विचारलं तर नाही म्हणतात, दहाजणींनी विचारलं तर वेळ काढतात. आम्ही सातजणी झालो होतो.

मुलगी आता तलावाची रुंदी एका दमात पार करते. मी अजून काठ धरूनच पाय मारते. त्या बहिणीचा परवा फोन आला होता. तिचा धाकटा पोहायला जाऊ लागलाय, आणि ती काठावर बसून राहते. डोळे मात्र आता मिटत नाही, म्हणाली. पुढच्या ऑक्टोबरात इन्शाअल्लाह पुन्हा शक्कर तलाव. आमच्या बोटीतली चौथी जागा तिने आत्ताच सांगून ठेवली आहे.