जावाची ऑपरेटिंग सिस्टिम आणि आमचं शेवटचं वर्ष

“जावामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम?” असं म्हटलं की आमच्या हॉस्टेलवर दोनच प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार हसतो. जावाचा प्रोग्रॅम चालायला जावा व्हर्च्युअल मशीन लागतं, ते चालायला ऑपरेटिंग सिस्टिम लागते, मग ऑपरेटिंग सिस्टिमच जावात लिहायची म्हणजे स्वतःच्याच खांद्यावर चढून बसायचं! दुसरा प्रकार हसत नाही. तो एवढंच विचारतो, “प्लेसमेंटला उपयोग काय?” आमच्या तिघांच्या ग्रुपने प्रोजेक्टला ‘जेनोड’ घेतल्यापासून हे दोन्ही प्रश्न मी मेसच्या रांगेत, बाथरूमच्या रांगेत आणि घरच्या फोनवर ऐकत आलोय. म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

जावा आली १९९५ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्सकडून. पुढच्याच वर्षी सनने ‘जावाओएस’ही आणली. पण तिच्या तळाशी सी होतीच, आणि काही वर्षांत कंपनीनेच तिचा नाद सोडला. त्याच काळात नेदरलँड्सचे इवाउट प्रांग्स्मा वेगळाच हट्ट धरून बसले होते. सी नकोच! पहिल्या प्रयत्नात सी शिरली, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि नव्याने सुरुवात केली. २००३ मध्ये जेनोड ओपन सोर्स म्हणून लोकांसमोर आली. तिच्यात एक बारीकसा भाग असेंब्लीत आहे, त्याला नॅनो-कर्नल म्हणतात. बाकी सगळी जावा. ड्रायव्हर जावात, फाइल सिस्टिम जावात, कंपायलर जावात आणि गार्बेज कलेक्टरसुद्धा जावातच.

मग पहिली ओळ चालवतो कोण? याचं उत्तर बिल्डमध्ये आहे. आपल्या नेहमीच्या मशीनवर, नेहमीच्या जावाने एक प्रोग्रॅम चालतो. तो सुरुवातीला लागणारे क्लास आधीच मशीन कोडमध्ये कंपाइल करतो आणि ऑब्जेक्ट मेमरीत जसे असायला हवेत तसेच एका फाइलमध्ये मांडून ठेवतो. ही झाली बूट इमेज. ग्रब ती मेमरीत आणतो, नॅनो-कर्नल प्रोसेसरची तयारी करतो आणि सरळ जावाच्या मेथडमध्ये उडी मारतो. आजच्या दह्याला कालच्या दह्याचं विरजण लागतं, त्यातलाच हा प्रकार. इंटरप्रिटर नाहीच, प्रत्येक मेथड चालण्याआधी कंपाइल होते.

गाइड सरांनी पहिल्याच रिव्ह्यूला विचारलं, “जावात पॉइंटर नाहीत, मग हार्डवेअरला हात कसा लावता?” त्यासाठी ‘अॅड्रेस’ नावाचा एक क्लास आहे. दिसायला साधा, पण त्याच्या मेथडच्या जागी कंपायलर थेट मशीनची सूचना बसवतो. अशा जादूच्या क्लासना हात लावायची परवानगी मोजक्याच कोडला आहे. बाकीच्यांना अॅरेच्या बाहेर पाऊल टाकलं की एक्सेप्शन! नेहमीच्या सिस्टिममध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत घुसू नये म्हणून हार्डवेअर पहारा देतं, इथे भाषाच पहारा देते. म्हणून सगळे एकाच मेमरीत राहू शकतात, एका रूममध्ये आपण चौघे राहतो तसे. (फक्त टॉवेलवरून भांडणं होत नाहीत.)

आता दुसरा प्रश्न. रेडीमेड प्रोजेक्ट मिळतात हे इथे कुणाला सांगायला नको. शेजारच्या विंगमधल्या एका ग्रुपने दिवाळीच्या आधीच रिपोर्टसकट सगळं आणून ठेवलं होतं, आणि आम्ही अजून जुना जेडीके ६ शोधत होतो, कारण आजच्या जावावर जेनोड बिल्ड होत नाही. फोनवर बाबा म्हणाले, “सगळे घेतात तर तूही घे. पैसे पाठवतो.” बाबा एसटीत आहेत. ते पैसे कुठून काढणार हे मला माहीत होतं. पण नाही म्हणायला आणखी एक कारण होतं. मी मराठी माध्यमातून आलेला. ‘सिस्टिम’ म्हणजे कुणा दुसऱ्याचं काम, असंच मला वाटायचं. आपण फॉर्म आणि डेटाबेस करायचा, त्याच्या खालचं सगळं हुशार लोकांनी बघायचं. इथे मात्र ज्या भाषेची जर्नलं दुसऱ्या वर्षी लिहिली, त्याच भाषेत नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर समोर होता. क्लास, इंटरफेस, ट्राय-कॅच. मला तो वाचता येत होता!

आम्ही एक छोटी कमांड लिहिली, प्लगिनच्या एक्सएमएल फाइलमध्ये तिचं नाव नोंदवलं, अँटने बिल्ड केलं आणि आयएसओ व्हर्च्युअल मशीनमध्ये बूट केली. प्रॉम्प्टवर ती चालली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. रूम पार्टनर झोपेतच म्हणाला, “लाइट बंद कर रे.” झालं आमचं सेलिब्रेशन!

जेनोड पुढे थांबली, हेही सांगायला हवं. ०.२.८ ही आवृत्ती २००९ मध्ये आली आणि नंबर तिथेच राहिला. माझ्या मते दोष भाषेचा नव्हता. दरवर्षी नवं हार्डवेअर येतं, प्रत्येकाला ड्रायव्हर हवा आणि लिहिणारे हात मूठभर. लिनक्सकडे हजारो हात आहेत. पण कोड खुला असल्यामुळे सगळं वाया गेलं नाही. जेनोडचा फॅट फाइल सिस्टिमचा कोड पुढे दुसऱ्या जावा प्रकल्पांनी उचलला. आणि पहारा भाषेनेच द्यावा हा विचारही मागे पडला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ आली, तिच्या कर्नलमध्ये रस्ट या भाषेला जागा मिळाली. मेमरीच्या चुका कंपायलरनेच अडवाव्यात, हेच त्यामागचं मोठं कारण.

एका इंटरव्ह्यूत मला विचारलं, “थांबलेल्या प्रकल्पावर वर्ष का घालवलंत?” मी सांगितलं, “चालू असलेला लिनक्स मला वर्षभरात वाचून झाला नसता. यातला निम्मा झाला.” ती नोकरी मिळाली नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओरलला एक्स्टर्नलनी बूट प्रोसेस विचारली, तेव्हा मी पाठांतर म्हणून दाखवलं नाही, जे उघडून पाहिलं होतं ते सांगितलं.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, तुमच्या वर्षाला जावाच घ्या असं म्हणत नाही. पण खुला कोड असलेली एखादी सिस्टिम निवडा, वाचून संपेल एवढी लहान, आणि तिच्यात स्वतःची एक तरी ओळ चालवा. ती एक ओळ तरी रेडीमेड नसेल. जेडीके ६ हवा असेल तर माझ्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. रात्री अकरानंतर या, आधी मेसला जेवून या.