त्या दिवशीचा भाव

‘बेसबॉलमधलं तुला काय कळतं गं?’ असं आमच्या मंडळातल्या बायका मला सरळ तोंडावर विचारतात. मैदानावरचं मला बेताचंच कळतं. पण मैदानाबाहेर त्या खेळात जी देवघेव चालते, ती मला पहिल्या महिन्यातच कळली. बेळगावच्या रविवार पेठेत, भुसाराच्या दुकानामागच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला ती कळायला वेळ लागत नाही.

2016 साली मे ते नोव्हेंबर मी लेकीकडे होते, शिकागोजवळ. आमचे जावई शिकागो कब्ज या संघाचे भक्त. भक्तच म्हणायला हवं, कारण हा संघ 1908 नंतर एकदाही जगज्जेता झालेला नव्हता, आणि जावई तिथे पोचले त्या 2012 साली तर 162 पैकी 101 सामने हरला होता. पुढच्या वर्षी 96 हरला, त्याच्या पुढच्या वर्षी 89. आणि हे सगळं ठरवून चाललं होतं! हरायचं ठरवलं होतं असं कुणी उघड म्हणत नाही. पण चांगले, वयाने थोराड खेळाडू विकायचे, त्यांच्या बदल्यात वीस-बावीस वर्षांची पोरं घ्यायची, ती तयार होईपर्यंत मार खायचा, असा बेत होता. तिथे याला संघाची नव्याने उभारणी म्हणतात. गादीवर बसले होते थिओ एपस्टीन. बोस्टनच्या संघाला 86 वर्षांनी 2004 मध्ये विजेतेपद मिळालं, ते याच माणसाच्या कारकिर्दीत. 2011 च्या ऑक्टोबरात ते शिकागोला आले. हाताखाली जेड हॉयर.

हरणाऱ्या तीन वर्षांतही तिकिटं फुकट नव्हती, हे मी जावयांना सांगितलं. ‘नफा होईल तेव्हा होईल, तोवर भांडवल तुमच्या खिशातलं की!’ ते हसले. ‘आई, धीर धरायला हवा,’ म्हणाले.

तर प्रश्न असा, की अशा अदलाबदलीचा न्याय कधी करायचा आणि कशावरून? जावयांचं उत्तर सोपं होतं: शेवटी काय हाती आलं ते बघायचं. आपल्याकडे सोयरिकीचंही असंच करतात. मुलगी सुखात नांदली की स्थळ उत्तम होतं, तिच्या वाट्याला वाईट आलं की बापाने नीट बघितलं नाही. मला हे कधी पटलं नाही. आमचे मामंजी दुकानात वेगळा नियम लावायचे. तूर घेतली आणि महिन्याने भाव पडला, तर मुनीमजींना ते एक शब्द बोलत नसत. पण पोत्यात नळी खुपसून नमुना न बघता माल उतरवून घेतला असेल, तर भाव चढून नफा झाला तरी बोलणी बसायची. व्यवहार झाला त्या दिवशी काय भाव होता, काय दिसत होतं, काय बघता आलं असतं, एवढ्यावर त्यांचा न्याय.

हाच नियम मी कब्जना लावून बघितला. जेक अरिएटा नावाचा पिचर 2013 मध्ये बाल्टिमोरला होता. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. दर नऊ डावांमागे त्याच्यावर सात धावा निघत होत्या. चांगल्या पिचरवर तीन निघतात. म्हणजे सडका माल. पण कब्जच्या लोकांनी पोतं उघडून बघितलं. खांद्यात जोर होता, चेंडू वळत होता. तिथल्या लोकांनी त्याची फेकण्याची पद्धत तेवढी बदलायला लावली होती. त्यांनी स्कॉट फेल्डमन आणि एक राखीव कॅचर दिला आणि अरिएटासोबत पेड्रो स्ट्रोप हा दुसरा पिचरही घेतला. फेल्डमनला त्यांनी त्याच वर्षी साठ लाख डॉलरना, तेही एका हंगामापुरताच, आणलं होतं. कार्तिकात घेतलेला माल आषाढात विकावा तसं झालं. अरिएटाला शिकागोत मोकळं सोडलं, आणि 2015 मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला.

सगळेच सौदे असे नव्हते. 2011 च्या डिसेंबरात, नव्या गादीच्या अगदी सुरुवातीला, डीजे लेमेह्यू नावाचा तरुण पोरगा आणि आणखी एक खेळाडू कोलोराडोला देऊन त्यांनी इयन स्टुअर्टला घेतलं. स्टुअर्ट दीड वर्षात बाहेर. लेमेह्यू 2016 मध्ये, म्हणजे मी तिथे होते त्याच साली, लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. जावई या सौद्याविषयी बोलत नसत. मॅट गार्झाला टेक्सासला पाठवलं तेव्हा बदल्यात आलेल्या चौघांत माइक ऑल्टचं नाव ठळक अक्षरात होतं. तो कुठल्या कुठे गेला. त्याच चौघांतला कार्ल एडवर्ड्स, ज्याला टेक्सासने 2011 च्या निवडीत 48 व्या फेरीत उचललं होतं, तो मात्र 2016 च्या शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या डावात चेंडू घेऊन उभा होता. खळ्यावर राहिलेल्या दाण्यांतूनही रोप येतं कधी.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट रायन डेम्पस्टरची. हा जुना पिचर, 2004 पासून शिकागोत. 2012 च्या जुलैत त्याला अटलांटाला द्यायचं ठरत आलं, बातमीसुद्धा बाहेर आली. आणि गडी म्हणाला, मी जाणार नाही. त्याला तसा हक्क होता: दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये आणि शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध देऊन टाकता येत नाही. हा हक्क आभाळातून पडलेला नाही. 1969 मध्ये सेंट लुइसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला, खटला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. 1972 मध्ये तो हरला. त्याची कारकीर्द गेली, पण 1973 च्या करारात खेळाडूंना हा दहा-पाचचा हक्क मिळाला. (आपल्याकडे ‘दिल्या घरी तू सुखी राहा’ म्हणून निरोप देतात. दहा वर्षं नांदल्यावर ‘आता मला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही’ म्हणायचा हक्क कुठल्या करारात असतो, ते वाचकांनीच आठवावं.) डेम्पस्टर अडून बसला म्हणून अटलांटाचा सौदा फिसकटला, आणि मुदत संपता संपता तो टेक्सासला गेला. बदल्यात आलेल्या दोघांत काइल हेंड्रिक्स होता. 2016 मध्ये त्याच्याइतक्या कमी धावा कुठल्याच प्रमुख पिचरने दिल्या नाहीत, आणि अंतिम मालिकेचा सातवा सामना सुरू झाला तेव्हा चेंडू त्याच्याच हातात होता. गादीवरच्यांच्या हुशारीचं कौतुक करताना एका माणसाच्या ‘नाही’चा त्यातला वाटा कुणी धरत नाही.

अँथनी रिझोला असं नाही म्हणता आलं नाही. त्याला बोस्टनने घेतलं तेव्हा तिथे एपस्टीनच होते. अठराव्या वर्षी त्याला कॅन्सर झाला, त्यातून तो बरा झाला. मग बोस्टनने त्याला सॅन दिएगोला दिलं. तिथे तेव्हा हॉयर. तिथल्या पहिल्या हंगामात त्याची सरासरी .141, म्हणजे दहा वेळा बॅट फिरवून दीड वेळाही यश नाही. तरी 2012 च्या जानेवारीत या दोघांनी मिळून त्याला शिकागोला आणलं. म्हणजे हाच माल यांनी एकदा घेतला, एकदा दिला, एकदा तिकडून घेतला, परत इकडे आणला. माणसं तीच, फक्त दुकानं बदललेली. 2016 चा शेवटचा झेल रिझोनेच घेतला. आणि 2021 च्या जुलैत हॉयर यांनी त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. ‘दोन पोरं मिळाली आई, वाईट नाही,’ असं जावई फोनवर सांगत होते, पण आवाज उतरलेला होता.

हे सगळं मी गमतीने ऐकत होते. घरात खरं वाजलं ते 2016 च्या जुलैअखेर. कब्जनी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून अरोल्डिस चॅपमन या पिचरला आणलं. ताशी शंभर मैलांवर चेंडू फेकणारा. बदल्यात दिलेल्या चौघांत ग्लेबर टोरेस हा एकोणीस वर्षांचा, सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेला पोरगा. जावई म्हणाले, महाग पडला. मुलगी म्हणाली, ‘महाग? तो यांकीजना स्वस्तात का मिळाला होता ते सांग आईला.’

आणि तिनेच सांगितलं. 2015 च्या ऑक्टोबरात चॅपमनच्या घरी पोलीस गेले होते. त्याने आपला गळा आवळला, असं त्याच्या मैत्रिणीने सांगितलं. ते त्याने नाकारलं. गॅरेजमध्ये पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचं मात्र मान्य केलं. खटला भरला गेला नाही, पण लीगने त्याच्यावर 30 सामन्यांची बंदी घातली. घरातल्या हिंसेबद्दलच्या नव्या नियमाखाली बंदी आलेला तो पहिला खेळाडू. बातमी फुटली तेव्हा लॉस एंजेलिसशी ठरत आलेला त्याचा सौदा मोडला, भाव पडला, आणि पडल्या भावात यांकीजनी तो उचलला. सात महिन्यांनी चढ्या भावाने कब्जना विकला. हंगाम संपल्यावर चॅपमन पैसे मोजून घेऊन परत यांकीजकडेच गेला, म्हणजे त्यांच्याकडे टोरेसही आणि चॅपमनही. निव्वळ व्यापार म्हणून बघितलं तर मामंजींनीसुद्धा मान डोलावली असती. पण भाव पडला होता तो एका बाईच्या तक्रारीने, आणि त्या पडलेल्या भावाचा नफा ज्यांच्या खात्यात जमा झाला, त्यांत ती बाई कुठेच नव्हती.

जावई म्हणाले, ‘आई, तुमचाच नियम लावा. त्या दिवशीची गरज बघा. संघ पहिला होता, शेवटच्या डावाला असा माणूस नव्हता. मुदत आठवड्यावर आलेली.’

‘तोच लावतेय,’ मी म्हटलं. ‘लेमेह्यू पुढे चमकेल हे तेव्हा दिसत नव्हतं, म्हणून ते मी बोलत नाही. इथे पोतं उघडं होतं. वास सगळ्या पेठेला येत होता. आत काय आहे ते बघून, वाचून, त्याच्याशी बोलून घेतलं.’

ते गप्प बसले. बरे आहेत आमचे जावई, वाद घालतात पण चिडत नाहीत. दोन वर्षांनी अ‍ॅडिसन रसेलचं झालं. त्याला 2014 मध्ये ओकलंडकडून घेतलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता, त्याच्याविषयी असं काही कुणाला ठाऊक नव्हतं. 2018 मध्ये त्याच्या माजी पत्नीने जे सोसलं ते लिहिलं, आणि 40 सामन्यांची बंदी आली. तेव्हा जावयांनीच मला फोन केला. त्याला घेतल्याचा दोष मी गादीवर ठेवला नाही. बंदीनंतरही 2019 मध्ये त्याला खेळवलं, तो सौदा मात्र वेगळा, आणि तो डोळे उघडे ठेवून केलेला.

त्या उन्हाळ्यात शिकागोतल्या एका चाहतीने एक वाट काढली होती. चॅपमनने सामना राखला की दरवेळी दहा डॉलर, मार खाणाऱ्या बायकांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेला. बघता बघता कितीतरी लोक तसं करायला लागले. आमच्या मुलीने फ्रिजवर कागद लावला आणि रेघा ओढायला लागली. नेहमीच्या हंगामात कब्जसाठी त्याने 16 सामने राखले. 160 डॉलर झाले.

2 नोव्हेंबरला क्लीव्हलंडमध्ये सातवा सामना. मुलगी स्वयंपाकघरात होती, बघणार नाही म्हणाली होती. पण दार उघडं ठेवलं होतं. चॅपमन आला आणि तीन धावांची आघाडी त्याच्या हातून गेली. बरोबरी. मग पाऊस, सतरा मिनिटं खेळ बंद. दहाव्या डावात कब्जनी दोन धावा काढल्या, 8-7 ने जिंकले. जावई खुर्चीवर उभे राहून रडत होते. खेळाच्या नियमाप्रमाणे तो विजय चॅपमनच्याच नावावर लिहिला गेला, सामना राखल्याची नोंद मात्र दुसऱ्या पिचरच्या.

मुलीने विचारलं, ‘मग याचे दहा डॉलर द्यायचे का गं, आई?’

जावयांनी डोळे पुसत खिशातून वीसची नोट काढली आणि फ्रिजवरच्या कागदाखाली चुंबकाने अडकवली.