चालविणाऱ्याचा हात आणि इंजिनाचे आयुष्य

पूर्वी आमच्या खानापूर तालुक्यातील खेड्यांत एखाद्या घरची रीत ओळखावयाची झाली, तर म्हातारी माणसे त्या घरचे बैल पाहत. बैलाच्या पाठीवर वळ असले म्हणजे धनी हाताने जड आहे, हे न सांगता कळे. आज गोठ्याच्या जागी कित्येक घरांपुढे पत्र्याची छपरी उभी राहिली आहे आणि तिच्याखाली मोटार आली आहे. कोणी ती आखातातून पाठविलेल्या पैशांवर घेतली, कोणी निवृत्तीच्या रकमेतून, आणि पुष्कळांनी कर्ज काढून. मात्र मोटारीच्या पाठीवर वळ दिसत नाहीत. तिला दिलेला त्रास पोलादाच्या आत साठत जातो आणि तो बाहेर येतो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

आमच्या वाडीत दोन गाड्या होत्या. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या, एकाच वर्षी घेतलेल्या, दोन्ही पेट्रोलच्या. एक निवृत्त गुरुजींची. ती नऊ वर्षांत जेमतेम चाळीस हजार किलोमीटर चालली होती. दुसरी एका तरुणाची; तो बेळगावहून गोव्याला उतारू नेई, आणि तिच्या काट्याने दोन लाखांचा आकडा केव्हाच ओलांडला होता. गुरुजींची गाडी रोज पुसली जाई, तिच्यावर कापड घातले जाई, तिचा वेग चाळिसाच्या वर क्वचितच जाई. तथापि इंजिन उघडण्याची पाळी आली ती गुरुजींच्या गाडीवर. त्या दुरुस्तीत त्यांच्या घरचे एका हंगामाच्या भाताचे पैसे गेले. आम्ही सारे गॅरेजपर्यंत बरोबर गेलो होतो. मिस्त्रीने व्हॉल्व्हवरील झाकण काढून दाखविले, तेव्हा आत काळ्या राबेसारखा चिखल बसलेला होता. तो म्हणाला, “गुरुजी, तुमची गाडी चालून नाही बिघडली, न चालून बिघडली.”

या वाक्याचा अर्थ समजून घेण्याचा आम्ही पुढे पुष्कळ प्रयत्न केला, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

इंजिन म्हणजे आवरून धरलेल्या स्फोटांची मालिका होय. 1876 साली निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने जे चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याचाच वंश आजही आपल्या दारात उभा आहे. हवा आणि इंधन आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे, हे ते चार टप्पे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटाला चार हजार स्फोट होतात. स्फोटाच्या क्षणी ज्वाळेची उष्णता दोन हजार अंशांच्या वर जाते; आणि पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा मुख्यतः बनलेला असतो, ते तर 660 अंशांवर वितळते. मग पिस्टन वितळत का नाही? कारण प्रत्येक ज्वाळा क्षणभरच टिकते, भोवती पाणी खेळत असते, आणि धातू व धातू यांच्यामध्ये ऑइलचा केसाहूनही बारीक पडदा असतो. हा पडदा शाबूत राहील असे चालविणे, यातच गाडी राखण्याची बहुतेक विद्या आली.

रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली तळाच्या भांड्यात उतरते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर पंपाने ते वर चढेपर्यंत काही क्षण सारे भाग जुन्या ओलाव्यावर फिरत असतात. त्याच वेळी जोराने रेस देणे म्हणजे नुकत्याच उठलेल्या बैलाला चढावर पळविणे. उलट, दहा-दहा मिनिटे गाडी जागेवर घुरघुरत ठेवणेही बरे नव्हे. अँबॅसिडरच्या काळात, कार्बुरेटर आणि चोक असताना, इंजिन थोडे तापल्याशिवाय गाडी नीट ओढत नसे. ती सवय पुष्कळांच्या हातात अजून आहे. पण त्या गाडीचे उत्पादनही 2014 साली थांबले. आजच्या गाड्यांत इंधनाचे माप संगणक ठरवितो. अर्धा-एक मिनिट थांबावे आणि मग पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवावे, म्हणजे इंजिन जागेवर तापते त्याहून लवकर आणि सारखे तापते. ध्यानात ठेवावयाचे ते हे की, पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल त्या मानाने मागे असते. त्यास तापावयास अधिक वेळ लागतो.

आता गुरुजींच्या गाडीकडे वळू. घरापासून बाजार एक किलोमीटर, रविवारी मिस्सेला देवळापर्यंत तेवढेच अंतर, आणि परत. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. त्यातील बहुतेक वाफ धुराच्या नळीने निघून जाते. परंतु इंजिन थंड असेल तर थोडी वाफ आणि न जळलेले थोडे पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली झिरपते व ऑइलात मिसळते. लांबचा प्रवास झाला तर ऑइल चांगले तापून हे पाणी उडून जाते. एका किलोमीटरात ते उडत नाही. तेथेच राहते, आम्ल तयार करते आणि ऑइलाचा चिखल करते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट दुधासारखा थर दिसला, तर तो बहुधा याचीच खूण असतो. मात्र त्याबरोबर रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर मिस्त्रीस दाखविण्यास उशीर करू नये. त्यातून “किलोमीटर भरले नाहीत” म्हणून गुरुजींनी ऑइल तीन वर्षे बदलले नव्हते. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरांबरोबर महिनेही लिहिलेले असतात. दोहोंपैकी जे आधी भरेल ते धरावयाचे असते, हे फार थोडे लोक वाचतात.

शिवाय गुरुजी काटकसर म्हणून वरच्या गिअरात हळू जात. पंचवीसच्या वेगाला चौथा गिअर, आणि समोर चढ! गाडी हादरते, गुदमरते, आतून टकटक ऐकू येते. चालविणारा मात्र समजतो की आपण तिला जपतो आहोत. वस्तुतः अशा वेळी फेरे थोडे आणि ओझे भारी असते. बेअरिंगवरील ऑइलचा पडदा फिरण्यानेच उभा राहतो. फेरे मंदावले की तो पातळ होतो, आणि स्फोटाचा धक्का त्याच पातळ पडद्यावर येऊन आदळतो. लहान इंजिनास टर्बो जोडलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांत तर अशा ओढाताणीने इंधन अवेळी पेटून पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. चढ दिसताच गिअर खाली घ्यावा. आवाज थोडा वाढला म्हणून भिऊ नये.

याचा अर्थ गाडी पिटाळावी असा कोणी करू नये. फेरे दुप्पट झाले की पिस्टनला वरखाली फेकणाऱ्या शक्तीचा ताण चौपट होतो. वेग ताशी 80 वरून 100 वर गेला की हवेचा अडथळा दीडपटीहून अधिक वाढतो, आणि ती सारी ओढ इंजिनास सोसावी लागते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत झेप घेणे आणि मग करकचून ब्रेक दाबणे, यात पेट्रोल, क्लच आणि ब्रेक तिन्ही जळतात आणि मिळतात ती दोन मिनिटे. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे ही तशीच एक महाग सवय आहे.

त्या तरुणाची गाडी का टिकली, हे त्याच्याबरोबर चोर्ल्याच्या घाटातून साखळीपर्यंत गेलो तेव्हा आम्हांस उमगले. जांबोटी सोडेपर्यंत इंजिन पुरते तापलेले असे. घाटात तो वळणाआधीच गिअर खाली घेई, वळणात नव्हे. उतरताना ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरे, आणि ब्रेक अधूनमधूनच दाबी. आमच्यापैकी एकाने विचारले, “न्यूट्रल करून सोडलीस तर पेट्रोल वाचणार नाही का रे?” तो हसून म्हणाला, “काका, गिअरात असली की पाय काढल्यावर ती पेट्रोल पीतच नाही. न्यूट्रलमध्ये पिते.” हे अक्षरशः खरे आहे. आजच्या इंजिनात गिअर असताना अॅक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिन फिरवितात आणि संगणक इंधन तोडून टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. शिवाय न्यूट्रलमध्ये सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. ते तापले की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केले तर ब्रेक व सुकाणू दोन्ही जड होतात. अशा रीतीने कुटुंबेच्या कुटुंबे दरीत गेली आहेत. तेथे प्रश्न इंजिनाच्या आयुष्याचा राहत नाही. मात्र उतारावर भलताच खालचा गिअर एकदम घालू नये. अशा वेळी चाके इंजिनास मर्यादेबाहेर फिरवितात, आणि संगणकास त्यांना आवरता येत नाही.

चढ संपवून थांबल्यावर लगेच किल्ली फिरवू नये, हेही त्याच्याकडून घेण्यासारखे. टर्बो असलेल्या गाडीत तर ते अगत्याचेच. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तापलेल्या धुरात राहते. अर्धे-एक मिनिट इंजिन संथ चालू ठेवले की ऑइल फिरून त्यास गार करते. घाटात पाण्याचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तर “आता वर पोहोचूच” असे म्हणू नये. बाजूला थांबावे, बॉनेट उघडावे. रेडिएटरचे टोपण मात्र तापलेले असताना उघडू नये, उकळते पाणी अंगावर येते. पाच मिनिटांच्या घाईने सिलिंडरचे हेड वाकते, आणि ते काम हजारांत भागत नाही.

डिझेल गाडी घेणाऱ्यांस एक इशारा द्यावासा वाटतो. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 डिझेल मोटारींत काजळी अडवून धरणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकण्यास सुमारे सहाशे अंश उष्णता लागते, आणि ती लांबच्या, सलग प्रवासातच मिळते. ज्यांची गाडी घर ते बाजार एवढीच फिरणार आहे, त्यांनी डिझेलच्या मोहात पडू नये. ज्यांनी घेतली आहे, त्यांनी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तिला अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालवावी.

गुरुजींची गाडी आता पुन्हा चालू लागली आहे. बाजारास ते पायी जातात. आठवड्यातून एकदा सूनबाईंस व नातवंडांस घेऊन खानापूर-बेळगाव करून येतात, आणि ऑइल वर्षातून एकदा, दिवस ठरवून, बदलतात. आमच्या खेड्यांत रात्री अडलेल्या बाळंतिणीस किंवा छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्यास दवाखान्यात नेण्यास पुष्कळदा शेजारच्या छपरीतील हीच गाडी धावते. म्हणून वाचकहो, मुलाच्या हाती प्रथम किल्ली द्याल तेव्हा गाडी पळवावी कशी हे त्यास सांगू नका. ते त्यास आपोआप येईल. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी कशी पाहावी, चढाचा आवाज कसा ओळखावा आणि उतारावर गिअर कोणता ठेवावा, एवढे मात्र शेजारी बसून शिकवा.