श्रीरामपूरचा झहीर

पिंपळे सौदागरात शेतं गेली, सोसायट्या आल्या. पार्किंगमध्ये पोरांचा रन-अप तीन पावलांचा. आमच्या उर्दू शाळेतला कुणी फास्ट बोलर व्हायचं म्हणाला, की त्याचे अब्बा आमच्याकडे येतात. "सर, समजवा त्याला. इंजिनिअर होऊ दे."

आम्ही त्यांना झहीर खान सांगतो. जन्म ७ ऑक्टोबर १९७८, शिक्षण श्रीरामपूरच्या मराठी शाळेत. इंजिनिअरिंग सोडून तो मुंबईला गेला, तेही वडिलांच्याच सांगण्यावरून. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक भेटले, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली. रणजी मात्र तो मुंबईकडून नव्हे, बडोद्याकडून खेळू लागला, १९९९-२००० च्या हंगामात. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत भारताकडून पदार्पण झालं आणि तिथेच, बाविसाव्या वाढदिवशी, त्यानं यॉर्करवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला.

लोकांच्या लक्षात तो यॉर्कर राहिला. आम्ही मोजतो त्याआधीचं: वडिलांचा होकार, क्लबचं मैदान, जाणता गुरू, परक्या संघानं दिलेली जागा. जिद्द आमच्या पोरांतही आहे. अब्बांचा होकार आम्ही एक वेळ मिळवू. पण वीस पावलं धावायला मोकळी जमीन कुठून आणायची?