शेजपाळी, तीही स्पेनमध्ये!

आधी त्या दगडी जिभेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू झालं. व्हॅलेन्सिया शहराच्या कडेला, नारिंगांच्या बागांमधून एक पाट येतो आणि एका ठिकाणी त्याच्या ऐन मधोमध दगडाची पाचर उभी आहे. पाणी येतं, पाचरीच्या टोकावर दुभंगतं, एक भाग डाव्या चारीला जातो, एक उजव्या. बस्स, एवढंच! दार नाही, फिरवायचं चाक नाही, कुलूप नाही, किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्नच नाही. पाटाला पाणी कमी आलं तर दोघांना कमी, जास्त आलं तर दोघांना जास्त. तिथले लोक तिला 'लेंग्वा' म्हणतात, म्हणजे जीभ. मी त्या जिभेपाशी किती वेळ बसून राहिले कुणास ठाऊक. मुळा उजव्या कालव्याच्या शेपटाकडच्या गावात, शेवगाव तालुक्यात मी वाढले. पाण्याची वाटणी म्हटलं की दार आणि दार म्हटलं की भांडण, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. आणि इथं एक दगड शेकडो वर्षं गुपचूप वाटणी करत बसलेला!

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मी कृषी अभियांत्रिकी केली, पुढच्या शिक्षणासाठी युरोपात आले आणि अभ्यासक्रमातली इंटर्नशिप मिळाली ती व्हॅलेन्सियाजवळच्या एका पाणी वापर संस्थेत. हो, पाणी वापर संस्थेत! तिथं तिला 'कोमुनिदाद दे रेगांतेस' म्हणतात, म्हणजे रान भिजवणाऱ्यांची मंडळी. नाव ऐकलं आणि मला आपली चांद्याची श्री दत्त पाणी वापर संस्था आठवली. नेवासे तालुक्यात, मुळेच्याच मायनर नंबर सातवर, राज्यातल्या सुरुवातीच्या अशा संस्थांपैकी एक. कॉलेजात असताना आम्ही ती पाहायला गेलो होतो. तेव्हा वाटलं होतं की हा विचार फार नवा आहे, शेतकऱ्यांनी स्वतःच पाणी घ्यायचं, स्वतःच वाटायचं. आणि इथं तो विचार हजार वर्षांचा होऊन माझ्यासमोर बसला होता.

काम काय होतं? सकाळी कार्यालयातल्या पडद्यावर झडपांचा दाब बघायचा, वाळूच्या फिल्टरची धुलाई झाली की नाही बघायचं, खताच्या टाकीतल्या पाण्याची क्षारता मोजायची. स्पेनच्या बागायतीचा अर्ध्याहून अधिक भाग आज ठिबकवर आहे, त्यामुळे ही यंत्रणा बघायला मिळणं हा माझ्यासाठी खरा अभ्यास होता आणि मी वह्याच्या वह्या भरल्या. पण जीव रमला तो दुपारनंतर. दुपारनंतर मला जुन्या पाटांवर फिरणाऱ्या एका काकांबरोबर पाठवत. त्यांचा हुद्दा 'अथेकियेरो'. 'अथेकिया' म्हणजे पाट. मग अथेकियेरो म्हणजे कोण? पाटकरी! अगदी आपला पाटकरी! साठीचे, उन्हानं रापलेले, बोलायला मोजके, आणि पाटाच्या पाण्यावरून नुसती नजर फिरवून सांगणार की वर कुणीतरी फळी उचलली आहे. तात्या हेच करतात. तात्या म्हणजे माझे वडील. रात्री दोन वाजता दंडावर उभे राहून बॅटरीच्या उजेडात पाणी बघतात आणि म्हणतात, "वरच्यानी ओढलं."

काकांनी मला पहिल्या दिवशी विचारलं की तुमच्याकडे पाळी किती दिवसांनी येते. मी आवर्तन समजावलं, सात नंबरचा फॉर्म समजावला, शेजपाळी समजावली. शेजाऱ्यामागून शेजारी पाणी घ्यायचं, आणि सुरुवात करायची शेपटाकडून, म्हणजे मुखाकडच्यांनी आधीच सगळं ओढून घ्यायला नको. माझं स्पॅनिश तेव्हा इतकं अडखळत होतं की मी मातीत काडीनं कालवा काढून दाखवला. काका बराच वेळ त्या रेघांकडे बघत होते. मग म्हणाले, "तांदा." तिथं पाळीला 'तांदा' म्हणतात. आणि पुढचं वाक्य ऐकून मी उडालेच. "पाळी मोडणाऱ्याचा न्याय बघायचा असेल तर गुरुवारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात ये."

कॅथेड्रलच्या दारात!

गुरुवारी मी अर्धा तास आधीच जाऊन उभी राहिले. मोठा चौक, मध्ये कारंजं, आणि कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर एक कठडा, त्याच्या आत जुन्या खुर्च्यांचं अर्धवर्तुळ. मिगेलेते नावाच्या घंटाघरातून बाराचे टोले पडायला लागले आणि काळे झगे घातलेली माणसं आत येऊन बसली. आठ माणसं, आठ पाटांची. त्यांना 'सिंदिको' म्हणतात. एकही वकील नाही, एकही न्यायाधीश नाही! सगळे शेतकरी, आपापल्या पाटावरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले, आणि अट अशी की तो स्वतः रान कसणारा पाहिजे. मग हातात पितळी आकडीची काठी घेतलेला पुकाऱ्या उभा राहिला आणि त्यानं एकेका पाटाचं नाव पुकारायला सुरुवात केली. क्वार्त, मिस्लाता, फावारा, रोव्हेया, तोर्मोस, मेस्ताया, रास्कान्या... त्या पाटावरच्या कुणावर तक्रार आहे का? प्रत्येक नावानंतर शांतता. कुणी पुढं आलं नाही. काही मिनिटांत न्यायालय उठलं.

माझ्या शेजारचे पर्यटक थोडे हिरमुसले. मी मात्र थरारून गेले होते. तक्रार नाही म्हणजे त्या आठवड्यात आठही पाटांवर पाळी मोडली गेली नाही, आणि तरीही ती आठ माणसं येऊन बसली, कारण गुरुवार होता!

मग मी वाचत सुटले. रात्र रात्र वाचलं. परंपरा सांगते की हे न्यायालय इसवी सन 960 मध्ये, अरबांच्या अमलात सुरू झालं. 1238 मध्ये ख्रिस्ती राजा हाउमे पहिला यानं शहर जिंकलं, राज्य बदललं, धर्म बदलला, पण पाण्याच्या वाटणीला त्यानं हात लावला नाही. जशी होती तशी चालू ठेवली. 2009 मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. खटला सगळा तोंडी चालतो. निकालावर अपील नाही. आणि सर्वांत सुंदर गोष्ट ही की ज्या पाटावरच्या माणसावर तक्रार असते त्या पाटाचा सिंदिको निकाल ठरवायला बसत नाही. तुरिया नदीच्या उजव्या काठाचं भांडण असेल तर निकाल डाव्या काठाचे सुचवतात, आणि डाव्याचं असेल तर उजव्याचे. ही कल्पना कुणाला पहिल्यांदा सुचली असेल? मी आजही त्या माणसाचा विचार करते. तो नक्की शेपटाचा असणार.

या न्यायालयातही चूक होऊ शकते, हेही व्हॅलेन्सियाच्याच लेखकानं लिहून ठेवलंय. व्हिसेंते ब्लास्को इबान्येस यांची 'ला बर्राका' ही 1898 ची कादंबरी. तिच्यात बातिस्ते नावाचा गावात नवा आलेला कुळवाडी खोट्या तक्रारीवरून या न्यायालयासमोर उभा राहतो आणि दंड घेऊन घरी जातो. मी ती इंग्रजीतून वाचली आणि त्या प्रकरणाशी पुस्तक मिटून ठेवलं. सुकत चाललेलं पीक आणि हुकलेली पाळी, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता शब्दांचं सांगते, कारण शब्दांनी मला पार वेड लावलं! 'अथेकिया' हा शब्द अरबी. पाणीवाटपाच्या त्या बोलीतले बरेच शब्द अरबीतून आलेले. आकडीची काठी घेऊन पुकारणारा तो 'आल्ग्वाथिल', तो मुळात 'अल्-वजीर', म्हणजे आपला वजीर! अमका-फलाणा म्हणताना आपण जो फलाणा म्हणतो तोच अरबी शब्द तिकडं 'फुलानो' झालाय. नारिंगाला 'नारान्हा', लिंबाला 'लिमोन'. मंडईत वांग्यांच्या ढिगावर 'बेरेन्हेना' लिहिलेलं होतं, आणि शोधलं तर काय, संस्कृतातलं 'वातिंगण' फारसी-अरबीच्या वाटेनं तिथं पोचलेलं, आणि तेच 'वातिंगण' आपल्या घरी वांगं होऊन बसलेलं! साखरेला 'अथूकार'. शर्करा, शकर, सुक्कर, अथूकार. पंधराव्या शतकात व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला गांदियाच्या परिसरात ऊस उभा होता आणि साखर निघत होती, हे मी काकांकडून ऐकलं तेव्हा त्यांना प्रवरानगरचं सांगितल्यावाचून राहवेना. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला आणि 1950 मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला, हे मी मोडक्यातोडक्या भाषेत पण छाती भरून सांगितलं. काकांनी दोनदा विचारलं, "मालक शेतकरीच?" शेतकरीच!

आणि लव्हाळा! हे तर राहिलंच. शहराच्या उत्तरेला अल्बोराया नावाचं गाव आहे, रास्कान्याच्या पाटावरचं. तिथं एक पेय मिळतं, 'ओर्चाता', दुधासारखं पांढरं, गार, गोड. ते कशाचं, तर 'चुफा' नावाच्या गाठींचं. शेतात जाऊन बघते तर मऊ रेताड वाफ्यांत लव्हाळ्यासारखं पातळ पातं डुलतंय. लव्हाळ्याचा सख्खा भाऊच तो, एकाच कुळातला! ज्या गाठी आई खुरप्यानं उकरून उकरून बांधावर फेकते आणि तरी पुढच्या पावसाला त्या पुन्हा उगवतात, त्यांच्या भावंडाला इथं वाफे करून, पाळीचं पाणी देऊन वाढवतात. मी दोन पेले प्यायले. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बाई, लव्हाळा पितीस?" आणि मग लगेच, "गोड लागतो का गं?"

पाण्याची अशी जुनी विद्या हाताशी असली की काय होतं, हे खरं तर मी आधी नगरातच पाहायला हवं होतं. शाळेच्या सहलीत फराहबाग पाहिली होती, एकेकाळी तलावाच्या मध्यात उभा असलेला निजामशाही महाल. कापूरवाडी, वडगावकडून खापरी नळांतून शहरात पाणी आणणाऱ्या नहरींबद्दल गुरुजींनी सांगितलंही होतं. तेव्हा माझं लक्ष डब्यातल्या दशमीकडे होतं. आता व्हॅलेन्सियाच्या पाटावर बसून मला नगरची नहर दिसायला लागली. तीच विद्या, इराण-अरबस्तानातून निघून एका टोकाला तुरियाच्या काठी गेलेली, दुसऱ्या टोकाला सीनेच्या!

आणि वाटणीचं ते माप. तुरियाचं पाणी ठरावीक लिटरांत वाटलेलं नाही, हिश्श्यांत वाटलेलं आहे. हिश्श्याला 'फिला' म्हणतात. नदीत असेल त्याचा इतका भाग या पाटाला, इतका त्या पाटाला. दुष्काळ पडला की माप आपोआप आखडतं आणि सगळ्यांचं सारखं आखडतं. आपल्याकडे दर टंचाईच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावरून आंदोलनं होतात, कोर्टात धाव घेतली जाते. मी मुळेच्या लाभक्षेत्रातली, पण शेपटाची. म्हणून ते वाद ऐकताना माझा जीव दोन्हीकडे ओढला जातो. फिला समजल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. माझा प्रबंध आता त्यावरच आहे.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. तिथं बारा, आपल्याकडे साडेतीन. तात्या लिंबाखाली बसले होते, मागं रिकामा दंड दिसत होता. मी फोन कठड्यावरून आत धरला. टोले पडले, काळे झगे येऊन बसले, वजिरानं पाट पुकारले. तात्या एक शब्द बोलले नाहीत. सगळं संपलं, लोक पांगले, तेव्हा म्हणाले, "ह्या आठांत शेपटाचा कोण हाय?"

मला उत्तर देता येईना. इतकं वाचलं, इतकी टिपणं काढली, आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता!

संध्याकाळी काकांना जसाच्या तसा विचारला. ते काही बोलले नाहीत, गाडीत बसायची खूण केली. आम्ही पाटाच्या कडेकडेनं निघालो. बागा संपल्या, भाजीपाला सुरू झाला, पाट चारीएवढा झाला, मग दंडाएवढा. शेवटी एका आर्टिचोकच्या तुकड्यापाशी काकांनी गाडी थांबवली. एक बाई फावड्यानं दारं धरत होती. दारंच! सरी भरली की मातीचा बांध घालायचा, पुढची सरी फोडायची, तोच हात, तीच कमरेतून वाकायची ढब. दंडात पाणी घोट्याएवढं होतं, पण वाहतं होतं. काका म्हणाले, "हे शेवटचं रान. हिची पाळी आज."

मी चप्पल काढून दंडात उभी राहिले आणि पायांवरून जाणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ तात्यांना पाठवला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. ते जागेच होते. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"पाणी पोचलंय खरं. ढाळ किती दिलाय त्यांनी, मोजून घे."

मी काकांकडे टेप मागितला.