लाल तारेचं देणं

डेन्व्हरला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई शाळेच्या बसच्या डेपोत मेकॅनिक होत्या. निवृत्तीनंतरही नखांतलं ग्रीस गेलं नव्हतं. आम्ही जुना, दोन अॅक्सलचा कॅम्पर विकत घेतला आणि त्या स्वतःहून कुंपणाशी आल्या. ‘ब्रेक कंट्रोलर कुठाय?’

मी कोल्हापूरकडचा. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागं उसानं शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या बघत वाढलो. त्यातल्या बहुतेकींना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. बाईंना हे सांगितलं, तर त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. ‘आणि उतारावर?’

कोलोरॅडोत हा प्रश्न पोकळ नाही. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच. तिथून सिल्व्हरथॉर्नकडं उतरणारा रस्ता ७ टक्के उताराचा, कडेला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बांधलेल्या वाटा. तिथं ५,००० पौंडांचा कॅम्पर स्वतः थांबला नाही, तर पुढच्या गाडीला रेटत नेणार. म्हणून त्याच्या चाकांत विजेवरचे ब्रेक असतात, आणि त्यांना किती करंट सोडायचा ते गाडीतला कंट्रोलर ठरवतो.

कंट्रोलरच्या तारा चारच. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, पांढरी निगेटिव्हला, निळी मागच्या सात-पिनी सॉकेटला आणि लाल ब्रेकलाइटच्या स्विचला. बाईंनी पक्कडसुद्धा हातात घेतली नाही. खुर्ची टाकून बसल्या आणि सगळं माझ्याकडून करवून घेतलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोड. काळ्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, २० अँपिअरचा ब्रेकर लाव. तोही आपोआप पुन्हा जोडला जाणारा. फ्यूज का नको? तर तो एकदा उडाला की उडाला, आणि घाटात क्षणभराच्या शॉर्टपायी ट्रेलर बिनब्रेकचा होऊन चालत नाही. एकेक ब्रेक-मॅग्नेट तीन-साडेतीन अँपिअर ओढतो आणि चाकं चार, म्हणून तार १२ गेजची. घरात पडलेली बारीक वायर नव्हे. पत्र्यातून तार जाते तिथं रबरी ग्रोमेट. पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या, त्यांना बोटही लावायचं नाही.

पण त्यांचा सगळा कटाक्ष लाल तारेवर. स्विचपाशी तारा अनेक: एखादीत वीज कायम, एखादीत फक्त पेडल दाबल्यावर. लाल तार हवी ती दुसरीला. चुकून पहिलीला जोडली, तर पाय सतत ब्रेकवर आहे असंच कंट्रोलर समजणार आणि मागचे ब्रेक घासत, तापत राहू शकणार. रंगावरून ओळखायचं नाही, ही त्यांची ताकीद. बॅटरी तेवढ्यापुरती जोडली आणि त्यांनी मला टेस्ट लॅम्प दिला: टोकाला अणकुचीदार सुई, मुठीत छोटा दिवा, शेपटीला क्लिप. मी डॅशखाली उताणा, त्या ड्रायव्हरच्या सीटवर, त्यांचा बूट माझ्या कपाळापासून वीतभर. ‘दाबते.’ दिवा लागला. ‘सोडते.’ विझला. एवढ्यावर खूश होतील तर त्या बाई कसल्या! शेजारची तारही तपासायला लावली. तिचा दिवा काही विझेना. मग म्हणाल्या, ‘आता जोड.’

नंतर रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २५ मैलांवर नुसता कंट्रोलरवरचा हातानं दाबायचा लिव्हर वापरून ब्रेकचा जोर बसवला: चाकं अडकतील इथवर वाढवायचा, मग किंचित उतरवायचा. आणि कॅम्पर झुलायला लागला तर पाय ब्रेकवर न्यायचा नाही, फक्त हा लिव्हर, हे त्यांनी इतक्यांदा घोकून घेतलं की मला कंटाळा आला. त्या कंटाळ्याचे उपकार मला सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर कळले. आडवा वारा आला, आरशात कॅम्पर डावी-उजवीकडं झोके घ्यायला लागला, मागच्या सीटवर मुलं झोपलेली. हात आपसूक लिव्हरवर गेला. मागून ओढ बसली आणि कॅम्पर रेषेत आला.

हे सांगायला गेलो तर बाईंनी विचारलं, ‘टायरची हवा बघितलीस का नंतर?’ पैशाचं नाव त्यांनी काढू दिलं नाही. मग मीच त्यांच्या घोड्याच्या ट्रेलरचा हिरवा पडलेला प्लग बदलून द्यायचं ठरवलं. काम झालं आणि गाडीला जोडून ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची पिन तपासणीसाठी ओढायला मी हात घातला, तोच त्यांनी अडवला. आधी प्लग काढायचा. नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरून तो जळू शकतो. म्हणजे देणं फेडायला गेलो आणि वर नवी उचल घेऊन आलो.