ठेव्याचा राखणदार

जुन्या गोष्टींतून पुरलेल्या धनाचे वर्णन येते, तेव्हा त्या हंड्यावर वेटोळे घालून बसलेला नागही बहुधा असतोच. आज पृथ्वीच्या पाठीवर लक्षावधी ठेवे लपविलेले आहेत; मात्र त्यांत सोनेही नाही आणि माणिक-मोतीही नाहीत. असते ती एक वही आणि कधी चार किरकोळ वस्तू. तरीही त्यांच्या शोधात आबालवृद्ध रानोमाळ हिंडतात. या छंदास ‘जिओकॅशिंग’ असे म्हणतात.

या छंदाचा पूर्वज इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या ओसाड पठारावर आढळतो. तेथील क्रॅनमियर पूल हे दलदलीने वेढलेले स्थळ गाठणे मोठे कष्टाचे असे. जेम्स पेरट नावाचा वाटाड्या प्रवाशांना तेथे नेई. १८५४ मध्ये त्याने तेथे एक बाटली ठेवली. येथवर आल्याची खूण म्हणून प्रवाशाने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे अशा पेट्या पठारावर ठिकठिकाणी लपविल्या जाऊ लागल्या.

अमेरिकेच्या दिशादर्शक उपग्रहांच्या संदेशांत सामान्य जनांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातील एका रानात वही, पेन्सिल व काही वस्तू असलेली बादली लपविली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधून काढली. काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, हाच नियम पुढे रूढ झाला.

सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संदेश पोचण्यास किती वेळ लागला, यावरून हातातील यंत्र आपले स्थान ठरविते. तरीही काही मीटरांची चूक राहतेच. शेवटच्या पावलांना यंत्र नव्हे, तर डोळेच उपयोगी पडतात.

मे महिन्याच्या एखाद्या सकाळी बारा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर डार्टमूरवर निघाला आहे, असे मानावे. काटेरी झुडपे पिवळ्या फुलांनी बहरली आहेत. घोड्या आपल्या शिंगरांसह चरत आहेत. दूर कोठे कुक्कू पक्षी साद घालीत आहे. मुलाचे लक्ष मात्र यंत्राकडे आहे. वीस मीटर, दहा मीटर. आता समोरच्या खडकाखालीच पेटी असणार!

इतक्यात त्याच्या पायाजवळून एक चंडोल भुर्रकन उडाला. मुलगा दचकून थबकला. गवताच्या खळग्यात, पाऊलभर अंतरावर, ठिपक्यांची चार अंडी होती. खडक तेथून पाच पावलांवर होता. क्षणभर तो आळीपाळीने दोहोंकडे पाहत राहिला. वडील काहीच बोलले नाहीत. मग ज्या वाटेने तो आला होता, त्याच वाटेने जपून पावले टाकीत तो मागे फिरला.

दोघे दूरच्या एका शिळेआड बसले. बऱ्याच वेळाने चंडोल परतला. पण तो घरट्यावर उतरला नाही. काही अंतरावर उतरून, गवतातून लपतछपत धावत तो अंड्यांपाशी गेला. घरट्याची जागा शत्रूला कळू नये, म्हणून ही युक्ती! मुलगा श्वास रोखून पाहत होता. यंत्र केव्हाच खिशात गेले होते.

घरी आल्यावर त्याने पेटी ठेवणाऱ्यास घरट्याविषयी कळविले आणि काही काळ कोणी तेथे जाऊ नये, अशी विनंती केली. त्या वहीत त्याचे नाव लिहिले गेले नाही. पण पेटी जुलै सरल्यावरही तेथेच राहणार होती. अंडी मात्र अकरा-बारा दिवसांतच उबणार होती.